कुमुदआत्याचं ऐकणं

कोणी बोलायला आलं की कुमुदआत्या आधी गॅस बंद करायची. तव्यावर पोळी असली तरी. "पोळी परत भाजता येते रे भिया, माणसाचं बोलणं एकदा गार झालं की गेलं," असं आमच्या माळव्याच्या बोलीत म्हणायची. धारला मुलींच्या शाळेत तिने बत्तीस वर्षं शिकवलं, लग्न केलं नाही. माझ्या वडिलांची ती धाकटी बहीण.

अकरावीत नापास झालो तेव्हा घरी न सांगता मी देवासहून बस धरून थेट तिच्याकडे गेलो होतो. तासभर ती नुसती ऐकत बसली. उपदेश नाही, रागावणं नाही. शेवटी म्हणाली, "झालं सांगून? चल, हातपाय धू. दादाला मी बघते."

ती निवृत्त झाल्यावर मीच तिला मोबाइल घेऊन दिला. रोज सकाळी कोणाकोणाचे फुलं-सूर्य घातलेले नमस्कार यायचे, आणि आत्या त्या प्रत्येकाला फोन करायची. "सकाळी सकाळी माझी आठवण काढलीस, तब्येत बरी ना?" लोक वैतागले. मी हसत समजावलं, "आत्या, तो मेसेज एकदम सगळ्यांना जातो."

ती म्हणाली, "अस्सं. म्हणजे मला नव्हता."

त्यानंतर तिने कोणाला फोन केल्याचं ऐकलं नाही.

गेल्या नवरात्रात ती देवासला आमच्याकडे आली होती. दुपारी टेकडीवरून देवीचं दर्शन घेऊन आली आणि माझ्याजवळ सोफ्यावर बसली. मी ऑफिसच्या ग्रुपवर काहीतरी लिहीत होतो.

"या खेपेला चढवलंच नाही रे. अर्ध्यात बसावं लागलं. छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं होतं."

"हो ना, गर्दी फार असते," मी म्हणालो.

"महिना झाला असं होतंय. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय, तू बोल." अंगठा चालूच होता.

थोड्या वेळाने ती उठली आणि आत जाऊन मीनलला, माझ्या बायकोला, भाजी निवडू लागली. दुसऱ्या दिवशी धारला परत गेली.

बारा दिवसांनी शेजाऱ्यांनी तिला इंदूरच्या दवाखान्यात हलवलं. मी पोचलो तेव्हा तरुण डॉक्टर जरा चिडूनच विचारत होते, "माताजी, इतने दिन से तकलीफ थी, घर में किसी को बताया क्यों नहीं?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"गलती मेरी है डॉक्टर साहब," ती म्हणाली. "मैंने ही किसी को नहीं बताया."

तिसऱ्या दिवशी ती गेली.

तेराव्याला आलेली सगळी माणसं हळहळत होती. मीनलसुद्धा डोळे पुसत म्हणाली, "आत्यांनी एका शब्दाने तरी सांगायचं होतं. आपण काय नाही केलं असतं?"

मी म्हणालो, "हो ना."