पाच जणींच्या जिभेवरच्या गाठी

हसणार नसाल तर सांगते. आमच्या वाडीतल्या पाच बायकांना मी एका सकाळीत कॅन्सर करून ठेवला होता!

झालं असं, की मंडणगडच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आमच्या गावच्या शाळेत शिबिराला आल्या. म्हणाल्या, "महिन्यातून एकदा आरशात तोंड तपासा. गाठ, पांढरा चट्टा, न भरणारी जखम दिसली की लगेच या. लवकर सापडलं तर बरं होतं."

मी दुसऱ्याच दिवशी मोबाईलची बॅटरी लावून जीभ हातभर बाहेर काढली. बघते तर काय, जिभेच्या मुळाशी गाठी! एक नाही, रांगच!

धावत अंगणात आले. शेजारच्या शेवंतीला हाक मारली.

"शेवंते, तोंड उघड गो. ताडून बघायचंय."

तिच्याही गाठी!

"वयनी, म्हंजे मी पण मेले?"

आता दोघींना सारख्याच गाठी, म्हणजे त्या असायच्याच असतील, हे लहान पोराला कळलं असतं. मला काय सुचलं? साथ आली! आणखी तिघींची तोंडं उघडली. तिघींनाही गाठी! शेवंती रडायला लागली, "इहिरीच्या पाण्यातच कायतरी हाय!" मी मुंबईला यांना फोन केला, "लेकीचं लग्न तेवढं बघा हो." नि पाचही जणी एका रिक्षात कोंबून मंडणगडला.

बाईंनी माझी जीभ पाहिली. मग स्वतःची बाहेर काढून दाखवली.

"या माझ्या. काकी, या गाठी सगळ्यांनाच असतात."

शेवंतीने माझ्याकडे असं बघितलं, की परतीच्या रिक्षात मला जागा मिळेलसं वाटेना.

"आलाच आहात, तर नीट तपासते," बाई म्हणाल्या. चौघी ठणठणीत. माझा खालचा ओठ उलटला नि बाईंनी दिवा जवळ ओढला. आत पांढरा चट्टा! ओठ उलटून बघायचं मी विसरलेच होते.

"तंबाखू खाता?"

"शी! मी फक्त मशेरी लावते."

"मशेरी कशाची करता?"

"तंबाखू भाजू..."

"आजपासून बंद. दोन आठवड्यांनी दाखवा. कमी झाला नाही, तर तुकडा काढून तपासू. वेळेत आलात."

ते दोन आठवडे कसे काढले, माझं मला माहीत. पण चट्टा निम्मा उतरला, नि पुढच्या खेपेला गेलाच!

बाई खूश. "काकी, पुढच्या शिबिराला माझ्याबरोबर याल?"

मी फुगले. "येईन की! काय दिसलं की धावत यायचं, ते सांगते."

"ते मी सांगेन," बाई म्हणाल्या. "काय दिसलं तर घाबरायचं नाही, तेवढं तुम्ही सांगा."