एक मूळ संख्या का नाही?

ती गणितात पीएचडी करत होती आणि विभागातली पोरं तिला ताई म्हणत. स्वतःचा प्रबंध रखडला होता, पण कुणाला शिकवायचं म्हटलं की तिच्या अंगात उत्साह संचारायचा. त्या वर्षी तिच्या वाट्याला आलेल्या मुलीचा आवाज इतका बारीक होता, की सगळे तिला चिमणी म्हणत. मूळ संख्या कधीच संपत नाहीत, हे चिमणीला विभागासमोर सिद्ध करून दाखवायचं होतं. ताईने रिकाम्या वर्गात तिची तालीमही घेतली होती.

पण फळ्यासमोर उभी राहताच चिमणीची बोलती बंद झाली. मागच्या बाकांवर खसखस पिकली. तेव्हा ताईने हात वर केला.

"एक ही मूळ संख्या का धरत नाहीत गं?"

वर्ग हसला. ताईचे मार्गदर्शक सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "अगं, हे तू विचारतेस?"

ताईचे कान लाल झाले, पण हात खाली आला नाही. तालमीत याच प्रश्नावरून चिमणीने तिचं डोकं खाल्लं होतं आणि शेवटी उत्तरही स्वतःच शोधून काढलं होतं.

चिमणीने मान वर केली. "ताई, एकला घेतलं तर सहाचे अवयव एकाच तऱ्हेने पडणार नाहीत. दोन गुणिले तीनला हवे तितके एक चिकटवता येतील!"

आणि ती फळ्याकडे वळली. खडू झरझर चालू लागला. शेवटची ओळ मागच्या बाकांपर्यंत खणखणीत पोचली.

बाहेर येताच तिने विचारलं, "ताई, तुम्हाला खरंच येत नव्हतं?"

"येत होतं. पण तू छान समजावलंस," ताई म्हणाली. "आता पुढचं प्रमेय कुठलं घेतेस?"