बस्तान बसेपर्यंत

माझी मुलगी मला आत्या म्हणत वाढली. आमच्या घरात ही गोष्ट कितीतरी वर्षं गंमत म्हणून सांगितली गेली. पाहुणे हसायचे, आणि सांगणाऱ्यांत मीही असायचे.

ती वर्षाचीही नव्हती तेव्हा आम्ही तिला अमरावतीला माझ्या माहेरी ठेवलं आणि मस्कतला गेलो. नवऱ्याला तिथे बांधकामावर नोकरी लागली होती. माझं सासर अकोल्याचं, पण सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, तिथे कुणाच्या भरवशावर ठेवणार? अमरावतीला भाऊ होता, वहिनी होती, त्यांची दोन पोरं होती. धाकटं तर अजून वहिनीच्या अंगावर पीत होतं.

"एकाच्या जागी दोन पोट्टे," वहिनी म्हणाली. "मले काय फरक पडते? तुमी जा बिनधास्त. बस्तान बसलं का घेऊन जा."

बस्तान बसेपर्यंत, असं आम्ही सगळेच म्हणत होतो. बस्तान बसलं हे ओळखायचं कशावरून, ते कुणी विचारलं नाही.

मस्कतला एका फ्लॅटमध्ये आम्ही दोन जोडपी राहत होतो. मधे प्लायवूडची भिंत, स्वयंपाकघर सामाईक, सकाळी त्यांची पाळी, संध्याकाळी आमची. पहिले काही दिवस मला दूध यायचं. मी ते बेसिनमध्ये पिळून टाकायचे आणि नळ मोठा सोडायचे, पलीकडे आवाज जाऊ नये म्हणून. पलीकडची बाई केरळची. तिला कळलंच. एक दिवस ती थंडगार कोबीची पानं घेऊन आली आणि दूध आटायला छातीवर कशी ठेवायची ते हातवारे करून दाखवून गेली. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. त्यामुळे तिला काही विचारता आलं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

दिवसा रस्त्यावर माणूस दिसायचा नाही. काचेला हात लावला तर चटका बसायचा. उन्हाचं मला काय, मी अकोल्याची सून. पण आमच्या उन्हात माणसं असतात. रसवंती असते, निंबाखाली कुणी ना कुणी बसलेलं असतं. तिथे मी दुपारभर एका खोलीत पलंगावर बसून राहायचे आणि घरून आणलेलं मुलीचं झबलं नाकाशी धरायचे. काही दिवसांनी त्याचा वास गेला. मग मी ते धुऊन ठेवून दिलं.

इथवरचं मी सगळ्यांना सांगत आले. पुढचं सांगितलं नाही.

मला एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर काम मिळालं, आणि मला तिथे आवडायला लागलं. वर्षभरात आम्ही वेगळं छोटं घर भाड्याने घेतलं. त्या घराची एक किल्ली माझ्या पर्समध्ये असायची. अकोल्याला सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू न देता वावरलेली मी, तिथे संध्याकाळी दवाखान्यातून आले की चप्पल कुठेही काढायचे, खिडकीशी चहा घेऊन बसायचे आणि कुणी मला उठवायचं नाही. भूक लागली तर स्वयंपाक, नाही तर नाही. मी कुणाची सून, कुणाची मुलगी, कुणाची आई, त्या इमारतीत कुणालाही ठाऊक नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी पोटभर झोपले.

मुलीचा व्हिसा तेव्हाच होत होता. नवरा मागे लागला होता. मी म्हटलं, उन्हाळा जाऊ दे. मग म्हटलं, तिचे दात येऊन जाऊ दे. मग, तिचे तिकडचे लसीचे डोस पूर्ण होऊ दे. तो मऊ माणूस, आईच म्हणते म्हटल्यावर गप्प बसायचा. अमरावतीला फोनवर मात्र मी व्हिसा होत नाही असं सांगायचे. तिकडे सगळे हळहळायचे. "बिचारीले लेकरावाचून राहा लागते," असं वहिनी शेजारपाजारी सांगायची, हे मला भावाकडून कळायचं.

पहिल्यांदा सुट्टीवर आले तेव्हा मुलगी बोलायला लागली होती. फाटकाशी ऑटो थांबला तशी वहिनीची पोरं ओरडत आली, "आत्या आली! आत्या आली!" त्यांच्या मागे तीही उड्या मारत ओरडत होती, "आत्या आली!"

वहिनीने तिचा दंड धरला. "आत्या त्यायची व. तुही माय हाये ते. आई म्हण."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग वहिनीच्या पदराला हात लावला. "आई त हे हाये."

सगळे इतके हसले! भाऊ म्हणाला, "घे, पोट्टीनं निकाल देऊन टाकला." मीही हसले. वहिनी हसली नाही. ती आत गेली आणि बराच वेळ चहाच घेऊन आली नाही.

ती पाच वर्षांची झाल्यावर आम्ही तिला मस्कतला नेलं. लोक विचारायला लागले होते, म्हणून. मी तिच्यासाठी पलंग घेतला, त्यावर फुलाफुलांची चादर घातली. ती रडली नाही. रडली असती तर मी काहीतरी केलं असतं. ती पाहुण्यासारखी राहिली. तहान लागली की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची. "आत्या, पाणी घेऊ का?" सकाळी उठली की आपले कपडे घड्या करून बॅगेत ठेवायची. मी कपाटात लावायचे, दुसऱ्या दिवशी परत बॅगेत.

"काहून भरते व बॅग?" मी एकदा विचारलं.

"जायच्या दिवशी घाई नोको व्हाले," ती म्हणाली. हे वहिनीचं वाक्य होतं. कुठल्याही लग्नाला निघताना ती हेच म्हणायची.

तिला ताप यायला लागला. साधा ताप, गोळीने उतरायचा. मी नवऱ्याला म्हटलं, हवा मानवत नाही, हिला परत पाठवू. तो म्हणाला, रुळेल, थोडे दिवस दे. मी दिले नाहीत. हवेचं कारण नव्हतंच. त्या दारात उभ्या राहणाऱ्या मुलीकडे मला बघवत नव्हतं.

मग ती अमरावतीतच शिकली, मोठी झाली. शाळेत कधीतरी ती मला आई आणि वहिनीला मामी म्हणायला लागली, वहिनीच्याच धाकाने. पण वहिनीला 'तू' आणि मला 'तुमी', ते कायम तसंच राहिलं. तिथलाच मुलगा पाहून लग्न झालं. आम्ही दोघं मस्कत सोडून अकोल्याला परत आलो.

गेल्या वर्षी ती बाळाला घेऊन अकोल्याला आली. एकटी. असं ती कधी यायची नाही. जावयाला आणि तिला, दोघांनाही जर्मनीत नोकरी लागली होती. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती बाळाला वरणभात भरवत होती.

"आई, एक विचारू? हिले तुमच्यापाशी ठेवू का? तिकडं पाळणाघरात जागा भेटत नाही म्हणतेत लवकर. मामीचे गुडघे गेले, तिच्यानं होत नाही. बस्तान बसेपर्यंत. तुमाले तर माहीतच हाये सारं. तुमाले किती तरास झाला तवा."

मधल्या खोलीच्या कडीला पाळणा बांधता येईल, दुपारचं ऊन तिथे येत नाही, इथवर माझं मन पोचलंही होतं. उभ्या जन्मात या मुलीने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आता मागत होती तर ते हे.

"नको ठेवू," मी म्हटलं.

"काहून? तब्येत बरी नाही का तुमची?"

"तब्येतीले काय झालं?"

"मंग?"

मग मी सांगितलं. तिचा व्हिसा पहिल्याच वर्षी होत होता, हे सांगितलं. तिचे बाबा न्यायला तयार होते, मी नव्हते, हेही. किल्लीचं आणि खिडकीचं सांगितलं. ते बोलताना किती क्षुल्लक वाटलं. बस्तान केव्हाच बसलं होतं, ते तिच्यावाचून बसलं होतं, आणि तसं बसलेलं मला मोडायचं नव्हतं, असं मी माझ्या मुलीला तोंडावर म्हणाले.

तिचा हात थांबला नाही. तिने बाळाला आणखी दोन घास भरवले, ओठ पुसले.

"मामी एकदा म्हणे असंच," ती म्हणाली. "मी बारावीत होती. म्हणे, तुह्या मायले तुले न्यायचंच नोतं. मी तिले म्हटलं, तुले काय माहीत तिची मजबुरी? लय दिवस बोलली नाही मी तिच्याशी. दुसऱ्या खोलीत जेवाची. तिनं किती मनवलं मले."

मी ओट्यावर सांडलेली शितं गोळा करायला लागले.

"आता काहून सांगितलं?"

"तू हिले घेऊन जाशील म्हणून."

"आई, तुमी नुसतं नाही म्हटलं असतं न, तरी मी नेलीच असती हिले. जमवलं असतं कसंबी." तिने ताटली नळाखाली धरली. "एवढं सांगाची गरज नोती."

तिच्या मनात मी एक बिचारी आई होते. त्या आईसाठी ती वहिनीशी भांडली होती, बहुतेक इतरांशीही. तिच्या प्रेमात मला एवढीच जागा होती आणि मला त्या जागेचा पत्ताच नव्हता. खरं बोलून मी ती मोडली. खोटं बोलून तिला एकदा सोडलं होतं, खरं बोलून दुसऱ्यांदा. ती संध्याकाळच्या गाडीने अमरावतीला परत गेली. बाहेर पडताना वाकून पाया पडली, कुणाही वडीलधाऱ्याच्या पडावं तशी.

जर्मनीला जायला ते तिघं अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून मुंबईच्या गाडीत बसले. ती गाडी अकोल्याला थांबते. कळवलं जावयाने. मी बाळासाठी मूग-तांदूळ भाजून पेजेचं पीठ दळून आणलं होतं. नवरा पुढच्या डब्याकडे बघायला गेला आणि माझ्यासमोरच्या डब्याच्या दारात वहिनी दिसली. त्या गुडघ्यांनी ती मुंबईपर्यंत पोचवायला निघाली होती.

"झोपली हाये व ते," वहिनी म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पिठाचा डबा माझ्या हातातून घेतला. "देतो मी."

आतून माझ्या मुलीचा आवाज येत होता. ती बाळाला हाका मारून हसवत होती, बाळ खिदळत होतं. वहिनीलाही तो ऐकू येत होता. गाडी हलेपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, ती वर, मी खाली.

नवरा धापा टाकत आला. "भेटली का? काय म्हणाली?"

झोपली होती, असं मी त्याला सांगितलं.