मूठ वळते का?

महायुद्धाच्या काळातील एका हिवाळ्यात, सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास, सांगलीत माझ्या थोरल्या बहिणीने उंदरांच्या विषाची भाकरी खाल्ली. गावात प्लेग होता. घरोघर वाटलेली बेरियम कार्बोनेटची पूड मी आदल्या दिवशी ज्वारीच्या पिठात मिसळून ठेवली होती. आक्काला सांगायचे राहिले आणि तिने त्याच पिठाची भाकरी थापली.

अर्ध्या तासात तिची बोटे बधिर झाली. डॉक्टर मिरजेला गेले होते. मी चौगुले मास्तरांना निरोप धाडला.

मास्तर आमच्याच शाळेत रसायन शिकवत. वीस वर्षे शिकवूनही फळ्यावर लिहिण्याआधी ते क्रम बोटांवर मोजत: मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम. "एकेक पायरी उतरा. सल्फेट विरघळायचं कमी कमी हुतंय. बेरियमला आलं की तळाला बसलं." मग लगेच, "हायड्रॉक्साइडचं उलटं हाय बरं का. घोटाळा करू नगा."

"मास्तर, जिना उतरताना पण मोजताय व्हय?" मुले विचारत.

"मोजतो गड्या. न मोजणारा पडलेला बघितलाय."

ते आले तेव्हा शेजारच्या सोनाकाकू आक्काला चिंचेचे पाणी पाजण्याच्या बेतात होत्या. मास्तरांनी वाटी हिसकावली.

"आंबट न्हाई द्यायचं! आंबटात हे विष विरघळतंय."

"आवं, ओकून पडंल की सगळं!"

"न्हाई पडलं तर?"

त्यांनी शाळेतून जुलाबाचे मीठ आणले होते, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. ते पाण्यात सहज विरघळते आणि पोटातल्या बेरियमला गाठून त्याचे न विरघळणारे सल्फेट करते. पेला तयार झाला, पण मास्तरांचा हात पुढे होईना. ते बोटांवर मोजू लागले. एकदा. पुन्हा एकदा.

"सल्फेटच न्हवं? उलटं जाणारं न्हवं?" त्यांनी मला विचारले.

मी व्याकरण शिकवत असे. मला ठाऊक नव्हते.

"आणा इकडं," आक्का म्हणाली. "तुमी मोजत बसला तर मीच बसंन तळाला."

दुपारी तीनला डॉक्टर आले. धोका टळला म्हणाले. या विषाने हातपाय लुळे पडतात, तेव्हा लक्ष ठेवा, असेही म्हणाले.

त्यानंतर महिनाभर मास्तर रोज सकाळी दारात उभे राहत. "आक्का, मूठ वळा." ती वळून दाखवी, कधी त्यांच्यावरच उगारी.

पुढे ते साताऱ्याच्या शाळेत गेले. तिथून दर महिन्याला कार्ड येई: 'आक्कांची मूठ वळते का?' उत्तर मी लिहीत असे. शेवटच्या कार्डाचे उत्तर आक्काने स्वतःच्या हाताने लिहिले. 'मयत' असा शेरा घेऊन ते उत्तर परत आले.