कढई नसलेलं घर

दिवाळीचा पाडवा, १९८६, संध्याकाळ. जागा: नागपुरात जरीपटक्याच्या बाजारामागची आमची गल्ली, आमच्या घरातली पुढची खोली. हजर: मी, माझे यजमान, आमची दोन मुलं, कोपऱ्यावरचे निवृत्त पोलीस जमादार आणि त्यांची बायको, समोरच्या घरातल्या मावशी आणि त्यांचा मुलगा. गैरहजर: मावशींची मुलगी. ती आदल्या दिवाळीत सासरी, काटोलच्या पुढच्या एका गावी, जळून गेली होती.

टीव्ही आमच्याकडे होता, त्यामुळे लोकांना बसवायचं कामही माझ्याकडे. मुलं सतरंजीवर, बायका पलंगावर, पुरुष खुर्च्यांवर. चित्र हललं तर अँटेना फिरवायला मावशींचा मुलगा, कारण तो गॅरेजमध्ये कामाला होता आणि कौलं न फोडता वर चढायचा. दर आठवड्याला गुन्ह्याच्या तपासाची एक हिंदी मालिका लागायची. त्या संध्याकाळी तिचा दिवाळीचा खास भाग होता. मुलांनी फटाके आधीच उडवून संपवले होते.

मावशी एरवी टीव्हीला येत नसत. त्या दिवशी मी फराळाचा डबा द्यायला गेले आणि त्यांना हाताला धरूनच घेऊन आले. घरातलं माणूस गेलं की पहिल्या दिवाळीला त्या घरात कढई चढत नाही. चकली, करंजी, शेव, काहीच तळायचं नाही. शेजारी आणि नातेवाईक डबे देतात, तेवढाच फराळ. लग्न झालेल्या लेकीसाठी माहेरी हे पाळायलाच हवं असं नाही. तरी मावशींनी त्या वर्षी कढई माळ्यावरून काढलीच नाही, आणि गल्लीतही कुणी त्यांना विचारलं नाही. आम्ही डबे दिले.

स्टोव्हचा भडका उडाला आणि साडी पेटली, एवढंच आम्हाला माहीत होतं. सासरच्यांनी तेच सांगितलं होतं. पोलिसांनी लिहून घेतलं आणि प्रकरण मिटलं. मावशींकडे चूल होती. मुलगी सासरी गेली तेव्हा स्टोव्ह तिला नवा होता. वर्षभर मावशी नळावर, दारात, भाजी निवडताना एकच बोलायच्या. "पंप जास्त मारू नये, एवढं तरी मी तिले सांगायला पायजे होतं." आम्ही म्हणायचो, मावशी, तुमचा काय दोष. त्या मान हलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणायच्या.

मालिका सुरू झाली. मोठा बंगला, लक्ष्मीपूजन, बाहेर फटाक्यांचा आवाज आणि आत शेठ मरून पडलेला. गुन्हेगार कोण, यावर आमच्याकडे दर वेळी चर्चा चालायची.

"मले तर तो धाकटा भाऊ वाटून राहिला," मावशींचा मुलगा म्हणाला.

"काहून?" माझ्या यजमानांनी विचारलं.

"त्याच्या मिशा पाहा नं."

"मिशा तर तुलेही आहेत बे," जमादार म्हणाले. "तुले आत टाकू का?"

जमादारीणबाई म्हणाल्या, "यायनं तीस वर्षं मिशा पाहूनच पकडले असतील."

पडद्यावरचा इन्स्पेक्टर एकेकाला विचारत होता, गोळी सुटली तेव्हा तू कुठे होतास. स्वयंपाकीण म्हणाली, मी गुजिया तळत होते, मला काही ऐकू आलं नाही. इन्स्पेक्टर स्वयंपाकघरात गेला. कढईत तेल होतं. त्याने त्यात बोट बुडवलं, उजेडात धरलं, आणि म्हणाला की हे तेल एकदाही तापलेलं नाही.

"पाहा," जमादार म्हणाले, "टीव्हीतला साहेब कढईत बोट घालते. आमचा साहेब चहात बिस्कीट घालत होता."

सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. त्या आपल्या मुलाकडे वळल्या.

"माही पोरगी काय करत होती गा?"

"काय?"

"भडका उडाला तवा. स्टोव्हवर काय करत होती?"

"आता काहून काढून राहिली तू ते?"

"सांग मले."

त्याने माझ्या मुलांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "चकल्या तळून राहिली होती. दवाखान्यात जावई पोलिसाले तेच सांगत होते. दिवाळीच्या चकल्या."

मावशी म्हणाल्या, "त्या घरात कढई कुठी होती गेल्या साली?"

पुरुषांना समजलं नाही. मला समजलं आणि जमादारीणबाईंना. त्यांनी माझा हात धरला.

"तिचा सासरा श्रावणात गेला होता," मावशी म्हणाल्या. "त्या घरात तळण नव्हतं. म्हणून तर तुह्या हाती मी डबा पाठवला. चकल्या, शेव, सगळं. तूच देऊन आला नं?"

"हो," मुलगा म्हणाला. "ताईनं दारातच घेतला. म्हणे, चहा घे, आणि डबा भाऊबीजेले घेऊन जाजो."

"मग ती काहून चकल्या तळंल?"

डबा त्यानेच पोचवला होता आणि दवाखान्यात जावयाचं बोलणंही त्यानेच ऐकलं होतं. पण घरात कढई कधी असते आणि कधी नसते, हे आमच्याकडच्या पुरुषांना शेव ताटात आली की नाही एवढ्यावरूनच कळतं. मावशींना दवाखान्यात आत सोडलंच नव्हतं. 'स्टोव्ह' एवढाच शब्द त्यांच्यापर्यंत आला, आणि तो धरून त्या वर्षभर बसल्या होत्या. तिकडे सासरच्यांनी दिवाळीत जे कुणालाही पटेल ते सांगून टाकलं होतं. आपल्याच घरातला दुखवटा ते घाईत विसरले.

जमादार उठले आणि त्यांनी स्वतः टीव्ही बंद केला. शेठला कुणी मारलं हे त्या खोलीतल्या कुणालाच कळलं नाही, आणि नंतर कुणी विचारलंही नाही. मुलं कुरकुरली, त्यांना मी आत पाठवलं.

"बाई," जमादार मावशींना म्हणाले, "तुम्ही म्हणता ते मले पटलं. पण ठाण्यात कढई चालत नाही. तिथं वस्तू पायजे. तो डबा कुठं आहे?"

डबा परत आलेला नव्हता. भाऊबीजेच्या आधीच सगळं होऊन गेलं होतं. स्टीलचा, कडीचा, आणि झाकणावर मावशींचं नाव कोरलेलं. भांड्याच्या दुकानात कोरून देतात तसं. ज्या डब्यात भरपूर चकल्या आहेत, तो घरात असताना कुणी वर्षाचा दुखवटा मोडून चकल्या तळत नाही. एवढं सांगायला तो डबा हवा होता.

भाऊबीज झाल्यावर आम्ही निघालो. तयारी मी केली. अर्ज जमादारांकडून लिहून घेतला, मावशींच्या औषधाची पुडी पिशवीत टाकली, मुलाला गॅरेजमधून सुटी मागायला लावली. काटोलच्या बसमध्ये रिकाम्या पाट्या घेऊन संत्र्याचे व्यापारी बसले होते आणि भावावरून भांडत होते. मावशी पूर्ण रस्ताभर खिडकीबाहेर बघत होत्या.

ठाण्यातला अधिकारी तरुण होता. त्याने खुर्च्या दिल्या, अर्ज पूर्ण वाचला. मग म्हणाला, "मावशी, दुखवटा असला तरी कुणी थोडंसं तळतं. लहान लेकरांसाठी. हे मी कोर्टात कसं सांगू?"

"त्या घरात लेकरू नव्हतं," मावशी म्हणाल्या.

त्याने अर्जाची घडी घातली. मग म्हणाला, डबा आणा, किंवा तो डबा तिथे पाहिलेला कुणी बाहेरचा माणूस आणा. मग मी वर लिहितो.

ठाण्यातून आम्ही मुलीच्या सासरी गेलो, तेव्हा विहीणबाई, म्हणजे तिची सासू, ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. मावशींनी मुलीचं नावही काढलं नाही.

"माझा डबा द्या," त्या म्हणाल्या. "गेल्या दिवाळीचा."

"कोणता डबा?"

"फराळाचा. माझ्या पोरानं आणून दिला होता."

"तुमच्याकडून आमच्या घरी काही आलं नाही," विहीणबाई म्हणाल्या, सुपाकडे बघतच. मग सूप उचललं, आत गेल्या आणि कडी लावली. मावशींचा मुलगा दाराकडे निघाला, त्याला मी दंडाला धरून मागे ओढलं. दार तोडून मिळालेला डबा ठाण्यात कुणी पुरावा म्हणून धरला नसता.

आम्ही गल्लीतून परत निघालो तेव्हा दोन घरं सोडून एका बाईने आम्हाला पाणी प्यायला बोलावलं. मावशींना ओळखून ती म्हणाली, "तुमच्या हातच्या चकल्या खाल्ल्या होत्या आम्ही. ओव्याच्या. तुमच्या पोरीनंच आणून दिल्या होत्या ताटलीत. म्हणे, माह्या मायनं पाठवल्या."

मावशी चकलीत ओवा घालायच्या, आमच्या गल्लीत त्या एकट्याच. त्यांनी पेला खाली ठेवला.

"हे ठाण्यात सांगाल का?" मी विचारलं.

"मी काही बोलली नाही बरं," ती बाई म्हणाली. "इथं राहायचं आहे आम्हाले. तुम्ही पाणी प्या." आणि पेले घेऊन ती उठली.

नंतर एक शिपाई त्या घरी जाऊन आला. डबा मिळाला नाही, असं कळलं. अर्ज तसाच पडून राहिला. काही महिन्यांनी जावयाचं दुसरं लग्न झाल्याचं आमच्या कानावर आलं, आणि जमादार म्हणाले की आता आणखी अवघड झालं.

मावशी पंपाबद्दल पुन्हा कधी बोलल्या नाहीत. मला आधी वाटलं, बरं झालं, मनावरचं ओझं गेलं. तसं नव्हतं. आधी त्यांच्याकडे निदान स्वतःला बोल लावायची सोय होती. आता त्या नळावरही गप्प असत. कढई त्यांनी माळ्यावरून पुन्हा काढलीच नाही. आम्ही दर वर्षी डबा देत राहिलो, आणि दर वर्षी त्या तो धुऊन, चिमूटभर साखर घालून परत करायच्या, कारण डबा रिकामा परत करत नाहीत.

शेवटच्या आजारपणात त्यांनी मला जवळ बोलावलं. "पोरगा भांडण करंल," त्या म्हणाल्या. "तू जाय. तू नीट मागशीन. मी नसली तरी तो डबा आणजो वं."

मी हो म्हटलं. दिवाळीच्या आधी मी कामांची यादी करते: पिठं, तेल, उटणं, कुणाकडे कोणता डबा द्यायचा आणि कुणाकडून कोणता यायचा. कामं होतात तशी एकेक ओळ खोडते. शेवटची ओळ मावशी गेल्यापासून दर वर्षी नव्या यादीत उतरवून घ्यावी लागते. यंदाही घेतली आहे. काटोलच्या पुढे, झाकणावर नाव असलेला, कडीचा डबा. आणायचा आहे.