परतवाड्याच्या छावणीत, आखजीच्या आधी

“दोन दिवसांच्या लेकराचं काही करत नसतात,” एकोणीस वर्षांपूर्वी सासूबाई म्हणाल्या होत्या. रीतच तशी. यांनी मान डोलावली आणि आमच्या गेलेल्या मुलीचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. एप्रिलमध्ये, तिच्या वाढदिवशी, मी एकटीच कुठेतरी जाऊन येते. यंदा परतवाडा.

अकोल्याहून अकोट-अंजनगावमार्गे एसटीनं तीनेक तास लागतात. बायकांना अर्धं तिकीट. पहिलीच बस धरा, अकरानंतर ऊन चालू देत नाही. इंग्रजी फौजेची ही जुनी छावणी. गाइड मिळत नाही, लागतही नाही. स्टँडवर आलूबोंडा खाल्ला आणि निघाले. लाकडाच्या वखारी, रुंद व्हरांड्यांचे कौलारू बंगले, दगडी चर्च. शेवटी इंग्रजांची दफनभूमी.

फाटकाची किल्ली शेजारच्या कांताबाईंकडे असते. सत्तरीच्या असतील.

“काढा फोटो. समदे फोटोच काढतात, पानी कोनी नाही आनत.”

एका छोट्या दगडापाशी त्यांनी मातीची लहानशी घागर भरून ठेवली होती. दगडावरचं नाव झिजलेलं. वय तेवढं वाचता आलं. अकरा दिवस.

अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखजीला, पितरांच्या नावानं घागर भरतात. पण सण चार दिवसांवर होता.

“झिरपते काय, पाहून राहिली. मांगच्या साली कुंभारानं फुटकी देली मले.”

“पण हे इंग्रज. यांना आखजी काय माहीत?”

“तहान तं माहीत हाय ना, बाई.”

“लहानांची भरत नाहीत म्हणतात.”

“कोन म्हनते?” त्यांनी वर पाहिलं. “मोठे मानसं मांगून पेतात. लेकराले द्या लागते.”

जुनं रेल्वे स्टेशन बघायचं राहिलं. मी तिथंच कडुनिंबाखाली बसले. कांताबाईंनी तांब्याभर पाणी आणून दिलं.

घरी यांनी विचारलं, “काय पाहिलं?” बंगले सांगितले, चर्च सांगितलं.

आज आखजीचा आदला दिवस. हे दरवर्षी दोन घागरी आणतात, सासूबाईंची आणि मामंजींची. पिशवी घेऊन चपला घालत होते. “आता कशाला?” म्हणतील, मला पक्कं ठाऊक होतं. तरी दारापर्यंत गेले.

“अहो, यंदा तीन आणा. तिसरी लहान.”