तलासरीच्या सुमनचा डोस

डहाणू कायमचं सोडलं त्या सकाळी आई स्टेशनवर आली नाही. बाबा रेल्वेत, आमचं क्वार्टर रुळांना लागूनच. तरी ती दारातच थांबली. डॉक्टर झाल्यावर पुढे मी न्यूक्लिअर मेडिसिन निवडलं, हे तिला पटलं नव्हतं. "दुसरं काही नव्हतं का शिकायला? किरणांत काम करणाऱ्या बायकांना पुढे मुलंबाळं..." वाक्य अर्धंच टाकून ती आत गेली. बाबांनी माझी बॅग उचलली.

मुंबईत वसतिगृहात 'नाय' म्हटलं की मुली हसायच्या. मी 'नाही' म्हणायला शिकले. माझं काम घरच्यांना समजावून सांगणंही कठीणच. किरणोत्सारी औषध कोणाला द्यायचं, किती द्यायचं आणि कोणाला अजिबात द्यायचं नाही, हे ठरवायचं. शेवटची सही माझी.

काही वर्षांपूर्वी सुमन आली, तलासरीजवळच्या पाड्यावरची. थायरॉइडचा कॅन्सर. ऑपरेशन झालेलं, राहिलेल्या पेशी मारायला किरणोत्सारी आयोडीन द्यायचं होतं. त्यासाठी तिच्या रोजच्या गोळ्या बंद केल्या होत्या, म्हणून चेहरा सुजलेला, बोलणं जड. गरोदर नसल्याचा रिपोर्ट फाइलला होता. शिशाच्या डब्यात कॅप्सूल तयार होती. माझ्या प्रश्नांना ती नुसती मान हलवत होती. का कोण जाणे, मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि आपल्या बोलीत विचारलं, "बाय, पाळी कधी आलेली?"

दाराकडे बघत ती पुटपुटली, "या महिन्यात आली नाय. सासूला बी नाय सांगलं."

वरिष्ठ फोनवर म्हणाले, "गोळ्या बंद आहेत, पाळी मागेपुढे होणारच. रिपोर्ट निगेटिव्ह आहे ना?"

होता, पण आधीच्या आठवड्यातला; अगदी सुरुवातीचे दिवस असतील तर त्यात कळत नाही. मी पुन्हा रक्त तपासायला पाठवलं. तिचा नवरा विलास अंगावरच आला. "कामधंदा सोडून आलो आम्ही. उद्या कॅन्सर वाढला तर तुम्ही जबाबदार काय?"

"हो," मी म्हटलं.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

तो डोस दिला असता तर पोटातल्या जिवाला कायमची इजा होऊ शकली असती, हे मी दोघांना समजावलं. कॅन्सर हळू वाढणारा आहे, बाळंतपणापर्यंत बहुतेक थांबता येईल, असंही सांगितलं. ते 'बहुतेक' मला महिनोन् महिने छळत राहिलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. ती तपासणीला आली की गाठ लागते का बघत मी तिची मान दोनदोनदा चाचपायचे.

मुलगी झाली. दूध तोडल्यावर सुमनने डोस घेतला. तिच्या अंगातली किरणं बाळाला लागू नयेत म्हणून त्यानंतर काही दिवस लेक गंजाड गावी आजीकडे ठेवली. पुढचा स्कॅन स्वच्छ निघाला. डहाणूला घरी गेले तेव्हा आईला सांगितलं, तर तिने आधी विचारलं, "पोरगी कशी आहे?"

बाबा निवृत्त झाल्यावर क्वार्टर गेलं, आईबाबा माझ्याकडे आले. डहाणूला जायचं तर कोणाकडे, हा प्रश्नच होता. परवा विलासने लेकीच्या वाढदिवसाला पाड्यावर बोलावलं. तलासरीच्या नाक्यावर मोटरसायकल घेऊन उभा होता. खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी लय बोललो."

"मी पण घाबरलेलेच," मी म्हटलं.

अंगणात त्याच्या म्हाताऱ्या आत्याने मला न्याहाळलं. "कुठची गो तू?"

मुंबई ओठांवर आलं होतं. "डहाणूची," मी म्हटलं.

"मग परकी नाय," ती म्हणाली आणि सरकून तिने चटईवर मला जागा केली.